कडी लावणारे डॉक्टर

आमच्या घोडीचे डॉक्टर तबेल्यात शिरले की आधी दाराला आतून कडी लावत. घोडी पळू नये म्हणून नव्हे, मालक पळू नये म्हणून!

मग दाराला पाठ टेकवून पहिला प्रश्न: "मालक, खिशात किती आहेत?" पहिल्या भेटीत मला वाटलं, दरोडाच पडला. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. "आधी कळलं तर तेवढ्यात बसेल ते करीन. नंतर कळलं तर तुम्ही मला चुकवत फिराल, आणि मरेल ती घोडी."

जंताचं औषध आणि दातांची तपासणी ते किनाऱ्यावरच्या आम्हा चारही घोडेवाल्यांकडे एकाच दिवशी ठेवत. त्यांचा पाली गावाहून यायचा खर्च चौघांत वाटला जाई. "घोडी आडवी झाल्यावर डॉक्टर बोलावणं सगळ्यात महाग," असं वर ऐकवत.

मे महिन्यात माझी चांदी तशीच आडवी झाली. आरे-वारेच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी ही घोडी. आमचं अख्खं घर तिच्या चार पायांवर उभं. ती घामाने निथळत होती, वळून वळून पोटाकडे बघत होती. डॉक्टर आले. कडी लागली.

"काल काय खाल्लं हिनं?"

"गवत."

"आणि?"

"पाणी."

"आणि?"

वर तापलेला पत्रा, मागे तळमळणारी घोडी, पुढे दार अडवून डॉक्टर. तबेला बांधताना खिडकी ठेवायची अक्कल मला सुचली नव्हती. खरं सांगायचं तर आदल्या दिवशी आम्ही फणस फोडले होते. त्यांची चारखंडं, म्हणजे काटेरी साली, आमच्याकडे गुरांना घालतात. बैल खातो, म्हैस खाते, मग चांदीनेच काय घोडं मारलंय, म्हणून मी टोपलीभर तिच्यापुढे ओतली. गवताखेरीज काही घालू नका, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं, म्हणून तर मी गवत-पाण्यावरच अडून बसलो.

"कारण कळलं तर इथेच भागेल," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर मी चाचपडत बसणार आणि हिला घाट चढवून कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यावी लागणार. तेवढा वेळ आहे हिच्याकडे?"

बाहेर अंगणात बायको फणसाच्या आठळ्या वाळत घालत होती. तिथूनच ती कडाडली, "सांगा हो! टोपली मीच विसळल्येय!"

सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. "घोडी म्हणजे म्हैस नव्हे, मालक. हिला रवंथ नाही, उलटी नाही. आत गेलेलं एकाच वाटेनं बाहेर येतं." नाकातून नळी घातली, तेल सोडलं. मग चांदीला फिरवत राहिलो. उन्हं कलताना तिनं लीद टाकली आणि मी त्या लिदीला चक्क हात जोडले. डॉक्टर म्हणाले, "औषधाचे पैसे सावकाश द्या. खोटं बोलल्याबद्दल दोन शहाळी मात्र आत्ता."

गेल्या वर्षी डॉक्टर वारले. परवा चांदी लंगडायला लागली, तेव्हा नवे डॉक्टर आले. भिडस्त माणूस, अंगणातूनच विचारत होते. मी त्यांना तबेल्यात घेतलं आणि आतून कडी लावली. ते दचकले.

"हे काय?"

"मी पळू नये म्हणून," मी म्हटलं. "खिशात आठशे आहेत. काल तिला कातळावरून दौडवली, तीही मीच. आता विचारा."