गोरं मुखपृष्ठ

वाढदिवसाच्या फ्लेक्सची मला शिसारी येते. मोशीपासून तळवड्यापर्यंत एक चौक असा नाही जिथे कुणी गॉगल लावून आपल्याकडे बघत हात जोडून उभा नाही, आणि खाली शुभेच्छुकांची रांग, सगळे चुन्यात बुडवून काढल्यासारखे गोरे. असलेच फ्लेक्स डिझाइन करून मी बरीच वर्षं पोट भरलं, त्यामुळे हा राग मला शोभत नाही असं नवरा म्हणतो. म्हणू दे.

म्हणूनच सिनेमाच्या मासिकाचं मुखपृष्ठ करायला मिळालं तेव्हा मी हरखले. मालक मोशीच्या जुन्या शेतकरी घरातले. जमिनीच्या पैशातून त्यांनी एक सिनेमा काढला होता आणि आता मासिक. पहिल्या अंकावर त्यांच्याच सिनेमाची नायिका हवी होती, कारखान्यात दिवसभर नट आवळणारी मुलगी. ती भूमिका करणारी पोरगीही चाकणचीच, कंपनी कामगाराची. आपल्याकडे अशांना सावळी म्हणायची पद्धत आहे. ती चांगली काळी होती, आणि पडद्यावर तिच्यावरून नजर हलत नव्हती.

मी आधी अभ्यास केला. पिंपरीतल्या रद्दीवाल्याकडे बसून सिनेमाची जुनी मासिकं चाळली, धुळीने शिंकून शिंकून हैराण झाले. चांगल्या मुखपृष्ठांवर एकच चेहरा असे, मोठा, आणि भोवती मोकळी जागा. मग सिनेमा पुन्हा पाहिला. मग तिच्या वडिलांच्या कंपनीच्या गेटबाहेर, शिफ्ट सुटताना, उन्हं तिरपी झाल्यावर तिचे फोटो काढले. कपाळावरचा घाम तसाच ठेवला.

निघताना ती म्हणाली, "ताई, एकच सांगते. माझा रंग बदलू नका. आजवर प्रत्येकाने बदललाय."

मी शब्द दिला.

मालकांनी डिझाइन बराच वेळ न्याहाळलं. "फोटू चांगला हाय, पण अंधारात काढल्यावानी वाटतंय."

तिचा रंगच तो आहे, म्हटलं, आणि सिनेमात तुम्हीच तिला घेतलंत.

"सिनेमात गरीब दाखवायची व्हती," ते म्हणाले. "आन् खाली जागा मोकळी का सोडली? जाहिराती देणाऱ्यांची तोंडं कुठं टाकायची?"

मुखपृष्ठ म्हणजे फ्लेक्स नव्हे, हे मी परोपरीने समजावलं. त्यांनी मान डोलावली, फाइल मागून घेतली आणि थेट आपल्या वाढदिवसाचे फ्लेक्स करणाऱ्या दुकानात नेऊन दिली. तिथे आलेला प्रत्येक चेहरा आधी गोरा करतात. विचारायचीही पद्धत नाही.

छापलेला अंक माझ्या हातात पडला तो प्रकाशनाच्या दिवशीच. पोरीचा चेहरा पेजेसारखा पांढरा, घाम पुसलेला, हनुवटीखाली गॉगलवाल्यांची रांग. स्टेजवर शालींचा सपाटा चालू होता, आणि मालक जवळ येऊन म्हणाले, "बघा, कसं भरल्यावानी दिसतंय आता." मी तिथून उठून पोरीला शोधायला निघाले.

ती आईबरोबर मागच्या खुर्च्यांत बसली होती. हे मी केलेलं नाही, असं मी तिला सांगितलं. "माहितीये," ती म्हणाली. अंक तिने मांडीवर पालथा ठेवला होता. आईने तो उचलला, सुलटा केला आणि पदराने पुसला. मराठवाड्यातून येऊन चाकणला भाड्याच्या खोल्यांत जन्म काढलेली बाई, लेकीच्या लग्नाच्या काळजीने पिचलेली. आज तिचा चेहरा फुलला होता.

"लई उजळ आलाय वो फोटो," ती मला म्हणाली. "खालची माणसं काढून नुस्ता चेहरा मोबाईलवर पाठवता का? स्थळांना दाखवायला आमच्याकडं असा एक बी न्हाई."

मी पोरीकडे बघितलं. ती नाही म्हणेल याची वाट बघत राहिले.

"पाठवा, ताई," ती म्हणाली.