तांब्यातले सर

अकरावीत मी चित्रकला घेतली ती गणित सुटावं म्हणून. बाबांची बदली मूर्तिजापूरहून जयपूरला झाली होती आणि दुर्गापुऱ्याच्या स्टेशनवर ते पॉइंट्समन होते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. ते मी पाहावं असं त्यांनी ठरवलेलं होतं आणि गणित घेऊन ते जमणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

चित्रकला मात्र मला येते अशी माझी समजूत होती. गावच्या शाळेत कमळ, झोपडी आणि दोन डोंगरांमधला सूर्य मी डोळे मिटून काढायची. जयपूरच्या सरांनी पहिल्याच दिवशी टेबलावर एक मडकं ठेवलं आणि म्हणाले, "जो दिखता है, वही बनाओ."

मी काढलं. मडक्याचं तोंड गोल असतं, म्हणून वर पूर्ण गोल. मडकं जमिनीवर टेकतं, म्हणून खाली सरळ रेघ.

सरांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "बेटा, ये मटका है या लाउडस्पीकर?"

वर्ग खिदळला. सरांनी समजावलं की समोर बसून पाहिलं की गोल तोंड चपटं दिसतं, आडव्या धरलेल्या पापडासारखं, आणि बुडाची रेघही थोडी वाकते.

"पर सर, नीचे गोल बनाऊँगी तो लुढ़क जाएगा," मी मनापासून काळजीने म्हणाले.

सरांनी मडकं उचलून कपाटात ठेवून दिलं.

दिवाळीपर्यंत माझी सगळी मडकी लाउडस्पीकरच राहिली. शेवटी सरांनी सांगून टाकलं: सहामाहीला प्रत्येकाने घरून एक भांडं आणायचं आणि तेच काढायचं. मला तेही धड जमलं नाही तर विषय बदलावा लागेल. रिकामी जागा फक्त गणिताच्या वर्गात होती.

मी घरातला तांब्याचा तांब्या निवडला. वापरून वापरून तो काळपट झाला होता. चमक नाही, नक्षी नाही, अगदी शिकाऊ माणसासाठी घडवल्यासारखा. रोज संध्याकाळी मी तो पाटावर ठेवून काढायची. बाबा ड्यूटीवरून आले की त्यातलं पाणी पिऊन तो भलतीकडेच ठेवायचे, मग मी तो पुन्हा जागेवर आणायची. हळूहळू पापड जमू लागला. बूड वाकलं, तरी तांब्या गडगडला नाही. मी त्या काळ्या तांब्याची रेघन्‌रेघ पाठ केली.

परीक्षेच्या सकाळी आईने तो कापडात गुंडाळून दप्तरात दिला. वर्गात बाकावर कापड सोडलं आणि मी किंचाळायचीच राहिले. आईने तो चिंच-मीठ लावून असा घासला होता की त्यात खिडकी दिसत होती, वर फिरणारा पंखा दिसत होता आणि मधोमध माझं नाक, वांग्याएवढं.

शेजारची मुलगी वाकून म्हणाली, "अरे, इसमें तो पूरी क्लास बैठी है!" आणि तिने तांब्यात बघून वेणी नीट केली.

मला रडू येत होतं. पाठ केलेला तांब्या घरीच धुतला गेला होता. समोरचा कधी काढलाच नव्हता. सरांचं एकच वाक्य हाताशी होतं: जे दिसतं तेच काढा. मी काढायला लागले. वाकडी खिडकी काढली. पंखा खेकड्यासारखा दिसत होता, तो तसाच काढला. नाकाला थोडी सवलत दिली. इतक्यात तांब्यात एक मोठं काळं काहीतरी आलं, फुगलं आणि सरकू लागलं. मी मान वर केली तर सर मागून चालले होते.

"सर, प्लीज़ हिलिए मत," माझ्या तोंडून निघून गेलं. "आप लोटे में हैं."

वर्गात हशा पिकला. पण सर मोठे भले. ते खरंच थांबले, हात मागे बांधून, पोट जमेल तितकं आत घेऊन. मी भराभर त्यांचं पोट काढलं, वर सुपारीएवढं डोकं, त्याखाली मिशा. मधेच त्यांनी ओठ न हलवता विचारलं, "हो गया?" मी म्हणाले, "सर, अभी मूँछ चल रही है."

शेवटी त्यांनी कागद हातात घेतला. "मैं इतना मोटा हूँ?"

"नहीं सर. सिर्फ़ लोटे में."

मग त्यांचं बोट चित्रातल्या तांब्याच्या तोंडाशी थांबलं. आतल्या गर्दीपायी मी तोंडाचा विचारच केला नव्हता. ते अगदी समोर दिसत होतं तसं चपटं उतरलं होतं. बूडही वाकलं होतं.

"गणित में मत जाना," ते म्हणाले.

मी चित्रकलेत राहिले आणि पुढे आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. त्या दिवशी ताठ उभ्या राहिलेल्या सरांचं ऋण मी अजून मानते.

घरी पोचताच मी आईवर ओरडले, "तांब्या घासला कशाला?"

"मंग का काळा तांब्या परीक्षेले पाठवू? लोक म्हणतीन, यायच्या घरी चिंचही नाही!" तिने चित्र उजेडात धरलं. "हा कोण माणूस व?"

"आमचे सर."

आईने कपाळावर हात मारला. "अवं, गुरुजीले तांब्यात काहून टाकलं?"