डायची ओटी

माझी वहिनी मुरबाडच्या एमआयडीसीत कार्ब्युरेटरच्या बॉडीची बर काढायची. मशीन अ‍ॅल्युमिनियमचा वितळलेला रस डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात दाबायचं. तुकडा बाहेर पडला की त्याच्या कडेला पात्यासारखी धारदार पापडी राहायची, ती बर. बावीस बायका लांब टेबलाला बसून कानशीने ती घासून काढायच्या. वहिनी सात वर्षं हेच करत होती आणि सातही वर्षं टेंपररी होती. दर काही महिन्यांनी ब्रेक, मग नवं कार्ड, जणू बाई कालच कामाला लागली. माझा भाऊ भात लावतो. पण दर महिन्याला ठरल्या दिवशी घरात येणारी कमाई वहिनीचीच.

मी तेव्हा शहापूरच्या एका संघटनेत होते. आमचा विषय धूर. कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या ट्रकांचा आणि मुरबाड-कल्याण रस्त्यावर माणसं कोंबून पळणाऱ्या जीपगाड्यांचा. खर्डीजवळ हायवेला लागून एक शाळा होती, तिच्या भिंतीवरून बोट फिरवलं तर काळं व्हायचं. पत्रकं मी लिहायची. ‘धूर त्यांचा, छाती आमची’ हे माझंच. मागणी एका ओळीची होती: गाड्या बनवणाऱ्यांवर कडक नियम लावा. रस्त्यावर हवालदाराने पावती फाडून धूर कमी होत नाही, तो कारखान्यातच अडवायला हवा. मला ती मागणी आजही बरोबर वाटते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून काही जणांना उगाच आनंद होईल.

संध्याकाळी वहिनी माझ्याबरोबर पत्रकांच्या घड्या घालायला बसायची.

"वन्सं, तुमची पत्रकं लय कामाची," ती म्हणायची. "मागल्या बाजाराला सुकटवाली त्यातच बांधून देत व्हती. छाती आमची आन् बोंबील तिचे."

"वाचलं तरी का तिने?"

"वाचून तिनं काय करायचं? तिची छाती ठणठणीत हाय. आख्ख्या बाजाराला ऐकू येते."

एप्रिलपासून सगळ्याच नव्या गाड्यांना, डिझेलच्या तशा पेट्रोलच्याही, धुराचा नवा नियम लागणार, ही बातमी पक्की झाली तेव्हा आम्ही शहापूरच्या स्टँडवर पेढे वाटले. त्याच वर्षी गणपतीनंतर वहिनीच्या कारखान्यात ओव्हरटाइम सुरू झाला. आधी दोन तास, मग चार. रविवारही गेला. तिच्या बोटांना चिरा पडल्या, भाकरी थापताना ती ओठ दाबून धरायची. पण चेहरा उजळला होता. सुपरवायझरने बायकांना गोळा करून सांगितलं होतं की मार्चअखेरपर्यंत जिची एकही गैरहजेरी नाही, तिचं नाव परमनंटच्या यादीत जाईल. वहिनी दसऱ्याला माहेरी गेली नाही. तापातही गेली ती कारखान्यातच.

आमच्या घरात त्या कार्ब्युरेटरचा एक नापास तुकडा होता. पत्रकं उडू नयेत म्हणून मी तो गठ्ठ्यावर ठेवायची. थंडीच्या दिवसांत एका सकाळी पेपरात पानभर जाहिरात आली. नवी गाडी, बाजूला हिरवं पान, आणि खाली अभिमानाने लिहिलेलं की या गाडीला पेट्रोलमध्ये अंदाजाने हवा मिसळणारा कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल मोजून आत सोडणारी नवी यंत्रणा आहे, म्हणून धूर कमी. मी ते दोनदा वाचलं. गाडीच्या नावावर बोट ठेवलं. वहिनीचा माल ज्या गाडीला जायचा, तीच ही गाडी. पाच वर्षं मी धुराविरुद्ध लिहीत होते. घरात समोर पडलेल्या तुकड्याचं गाडीत काम काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी वहिनीला सरळ सांगितलं. मला आडून बोलता येत नाही.

"तुमचा तुकडा एप्रिलनंतर कुणाला नको आहे."

ती हसली. "नको असता तर रविवारचं बोलावलं असतं का? पाव्हणे येणार नाय म्हनल्यावर कुनी जास्तीचा भात टाकतं का, वन्सं?"

याचं उत्तर मिळालं शहापूरला. आमच्या संघटनेत एक निवृत्त फिटर होते, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी माझं बोलणं संपूही दिलं नाही.

"एप्रिलनंतर जुनी गाडी बनवता येणार नाही, म्हणून आत्ताच बनवून ठेवतायत. आणि डाय कुणाची आहे ते बघ. मशीन मालकाचं असतं, पण डाय गाडी कंपनीची. ती गेली की शेडमध्ये काय उरतं? भट्टी आणि बायका. वहिनीला सांग, डाय हलू देऊ नका. ती आत आहे तोवर तुमच्याशी कुणीतरी बोलेल."

आता राग कुणाचा करायचा ते ऐका. नियम रातोरात आला नव्हता. गाडी कंपनीला तो कधीच माहीत होता, तिने नवं इंजिन तयार ठेवलं होतं, जाहिरातीचं पानसुद्धा रंगवून ठेवलं होतं. कारखान्याच्या मालकालाही कळवलेलं असणार, त्याशिवाय मार्चअखेर हीच तारीख त्याच्या सुपरवायझरच्या तोंडी कुठून आली? कळवलं नव्हतं ते फक्त टेबलावरच्या बावीस जणींना. आणि त्यांच्यातल्या एकीच्या घरात मी राहत होते, नियमाची बातमी खिशात घेऊन पेढे वाटत.

वहिनीने काकांचं बोलणं टेबलावर सांगितलं. बायकांनी तिलाच वेड्यात काढलं. त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी डायला तडा गेला होता, तेव्हाही ती ट्रकमधून दुरुस्तीला गेली होती. तेव्हा सगळ्यात म्हाताऱ्या बाईने म्हटलं की हिच्या जिवावर आपण जेवतो, तर सासुरवाशिणीसारखी ओटी भरून पाठवू, म्हणजे परत येईल. त्यांनी डायची ओटी भरली. आठ दिवसांनी डाय आली, तेव्हा भाकरतुकडा ओवाळून आत घेतली. तेव्हापासून दसऱ्याला मशीनला एक हार आणि डायला दोन.

"आधीबी गेली व्हती, आली ना?" वहिनी मला म्हणाली. पण या वेळी ती हसली नाही.

शिमगा होऊन चार दिवस झाले होते. जेवणाच्या सुट्टीत वाटायला मी पत्रकं घेऊन गेटवर उभी होते. ‘साचा बाहेर जाऊ देऊ नका’, एवढंच छापलं होतं. एक ट्रक रिकामा आत शिरला. थोड्या वेळाने आतून चेनपुलीचा खडखडाट आला आणि शेडच्या दारातून डाय निघाली, दोन भागांत, तेलाने काळीभोर. सुपरवायझर सांगत होता, "पॉलिशला चाललीय बायांनो, लई झिजलीय ती."

बायका डबे सोडून आल्या. म्हातारीने पिशवीतून खण काढला, तांदूळ काढले, नारळ काढला. म्हणजे तिला तरी आदल्या दिवशीच सांगितलेलं होतं. हळदीकुंकू लावलं, खण लोखंडावर पसरला. सुपरवायझरनेही चप्पल काढून हात जोडले. त्या हातांना मी अजून माफ केलेलं नाही.

काकांनी शिकवून ठेवलं होतं, तसं मी वॉचमनला विचारलं, "गेटपास कुठला दिलाय?"

"ताई, मला कशाला मधे घेताव?"

"परत येणाऱ्या मालाला हिरवा असतो ना?"

त्याने गेटपासांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि रस्त्याकडे बघत राहिला. कागद लाल होता. वर लिहिलं होतं, परत न येणारा माल.

मी वहिनीला हाक मारली. ती हाताचं कुंकू पदराला पुसत आली. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, ती बोट ठेवून सावकाश वाचते. तिने वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"आडवं पडा ट्रकला," मी म्हणाले. "मी पडते, तुम्ही मागून सगळ्याजणींना आणा."

ती बायकांकडे बघत होती. म्हातारी ट्रकच्या फाळक्याला हात लावून नमस्कार करत होती. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली.

"उशीर लावला तर अर्ध्या दिवसाची गैरहजेरी मांडतील," वहिनी म्हणाली.

"वहिनी, यादी नाही आहे. कुठलीच यादी नाही."

"आसंल तर?" ती म्हणाली. "सात वर्सं झाली गो. आता धाच दिस राहिलेत. नसली तर नसली, पन आसंल तर?"

ती आत गेली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. मी एकटी ट्रकसमोर उभी राहिले. ड्रायव्हर खाली उतरला, वॉचमनने आणि त्याने मला दंडाला धरून बाजूला केलं. जास्त जोर लावावा लागला नाही.

दुपारभर मी गेटबाहेर बसले. रोज त्या भिंतीबाहेर कानशींचा आवाज यायचा, ऐकणाऱ्याचे दात आंबावेत असा. त्या दिवशी आला नाही. वहिनीने नंतर सांगितलं की घासायला एकही तुकडा नव्हता. तरी बावीसजणी आपापल्या जागी कानस हातात धरून बसून होत्या, आणि सुपरवायझर वही घेऊन हजेरी मांडत फिरत होता.