टक्, आणि मग टटक्

गाडीत आवाज येतोय हे पहिल्यांदा माझ्याच लक्षात आलं, कारण घरात गाडी चालवणारी मी एकटी. नवऱ्याला गाडीतलं इतकंच कळतं की हॉर्न मध्यभागी असतो, आणि मी तो पुरेसा वाजवत नाही अशी त्याची तक्रार असते. ब्रेक दाबला की पुढून कुठूनतरी ‘टक्’ व्हायचं. वळण घेतलं की ‘टटक्’. सरळ रस्त्यावर काही नाही, पण अंधेरीत सरळ रस्ता आणायचा कुठून?

एकटी असते तर रेडिओ मोठा करून मोकळी झाले असते. पण दर रविवारी या गाडीत माझे सासरे बसतात. मूळचे मालवणकडचे, चाळीस वर्षं गिरणीत मागावर काढलेली, आता ऐंशी ओलांडलेले. शेजारच्या मागावरचा त्यांचा दोस्त कांजूरमार्गला राहतो. दोघांचे मिळून चार गुडघे आणि त्यातला एकही धड नाही. सासऱ्यांना स्टेशनचा पूल चढवत नाही, रिक्षात कंबर धरते. म्हणून रविवारी सकाळी मी त्यांना तिथे सोडते आणि दुपारी घेऊन येते. त्या तीन तासांची तयारी ते शनिवारी दाढीपासून सुरू करतात.

मी जाहीर केलं, “आवाज सापडेपर्यंत या गाडीत बसायचं नाही. रस्त्यात चाक निखळलं तर मी काय तोंड दाखवू लोकांना?”

“बरां,” सासरे म्हणाले. मग इस्त्री केलेला शर्ट त्यांनी पुन्हा हँगरला लावला. मला फार वाईट वाटलं, पण माझा हट्ट कायम होता.

पहिलं गॅरेज आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. तिथल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं नाही, खाली वाकून पाहिलं नाही. माझं वाक्य अर्ध्यात असतानाच तो माझ्या खांद्यावरून नवऱ्याकडे बघत म्हणाला, “साहेब, शॉकअप गेलेत. दोन्ही.” नवऱ्याने गंभीरपणे मान हलवली. ही मान तो कुठेही हलवतो, बँकेत, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत. शॉकअप बदलले. गाडी परत घेताना गल्लीच्या टोकाला ब्रेक दाबला, टक्. मागे जाऊन सांगितलं तर म्हणाला, “नवीन पार्ट आहे ना मॅडम, सेट व्हायला टाइम लागतो.” रविवार गेला. शॉकअप सेट झाले असावेत. आवाज तर आधीपासूनच सेट होता.

दुसऱ्या ठिकाणी एसी होता, सोफा होता, मशीनची कॉफी होती आणि गळ्यात टाय बांधलेला एक मुलगा होता. गाडीपेक्षा त्याच्या हातातल्या टॅबलेटवर त्याचं जास्त लक्ष. तिथे गाडी दोन दिवस राहिली. परत मिळाली तेव्हा इतकी चकचकीत होती की मी आधी शेजारच्याच गाडीचं दार उघडायला गेले. कागदावर लिहिलं होतं, “ग्राहकाची तक्रार : आवाज. निष्कर्ष : आवाज आढळला नाही.” आत मोगऱ्याचा सुगंध मारला होता. गेटबाहेर वळले आणि मोगऱ्याच्या वासात टटक् ऐकू आलं. दुसरा रविवारही गेला.

त्या दिवशी कांजूरमार्गच्या दोस्ताचा फोन आला. सासरे फोनवर ‘गाडी आजारी आसा’ म्हणत होते, जणू गाडीला पथ्यच सांगितलंय. मग दोस्तानेच त्याच्या बिल्डिंगमागच्या एका गॅरेजचा पत्ता दिला आणि म्हणाला, तो माणूस कमी बोलतो, पण ऐकतो.

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही नवराबायको तिथे गेलो. पत्र्याची शेड, आत एक गाडी मावेल एवढी जागा, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आणि त्याला ताजा हार. मेकॅनिक पन्नाशीचा, जालन्याकडचा. नवऱ्याने खाकरून सुरुवात केली, “ॲक्च्युअली शॉकअप...”

“गाडी कोण चालवतं?” त्याने विचारलं.

“ही.”

“मग ताईंना बोलू द्या.” तो माझ्याकडे वळला. “आवाज कसा येतो? करून दाखवा.”

मी ऑफिसात बारा माणसांच्या वरची. भर रस्त्यात उभं राहून मी म्हणाले, “टक्.”

“जाड की बारीक?”

“बारीक. टक्. आणि वळताना टटक्.” समोरच्या टपरीवरचे दोघे चहा विसरून बघत होते.

“एकदा वळलं की एकदाच टटक्? का वळण संपलं की परत?”

तीन आठवडे मी त्या आवाजावर चिडत होते, पण तो नीट ऐकला नव्हता. मला खरंच लाज वाटली.

मग त्याने गाडी रिकामी करायला लावली. पाण्याच्या बाटल्या, छत्री, डिकीतली स्टेपनी, जॅक, मुलीचं हरवलेलं म्हणून रडारड झालेलं बॅडमिंटनचं फूल. शेवटी नवऱ्यालाही उतरवलं. “साहेब, तुमच्या खिशात किल्ल्या वाजतात.” नवरा फुटपाथवर सामान राखत बसला. एसी बंद, रेडिओ बंद, काचा वर. मेकॅनिक मला म्हणाला, “चालवा. बोलू नका.” स्वतः शेजारी बसला, डोळे मिटून, कान डॅशबोर्डला टेकवलेला. मागच्या गल्लीत मी चार फेऱ्या मारल्या. घामाने दोघंही निथळलो. परत आल्यावर मी विचारलं, “काय आहे?”

“मला अजून माहीत नाही,” तो म्हणाला.

एखादा मेकॅनिक असं म्हणताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. आधीच्या दोघांना सगळं माहीत होतं, एकाला न बघता आणि दुसऱ्याला न ऐकता. मला त्या क्षणी एवढा विश्वास वाटला की मी किल्ली देऊन टाकली.

त्याने डॅशबोर्ड खोलायला घेतला. निघेल तो स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये, एका खळग्यात एक, बाजूला खडूने आकडा. नवरा मधेच ‘मदत करू का’ म्हणाला तर त्याने ट्रे उचलून लांब ठेवला. तासाभराने त्याचा हात काचेखालच्या हवेच्या नळीत कोपरापर्यंत गेला आणि बाहेर आला तेव्हा तळहातावर एक सुपारी होती. सुकलेलं कुंकू चिकटलेली. त्याने ती टिनाच्या डब्यावर टाकली. टक्.

“अरे, ही पूजेची!” नवरा ओरडला. “गाडी आणली त्या दिवशी बाबांनी पुढे ठेवली होती.”

“बहुतेक काचेखालच्या फटीतून आत गेली,” मेकॅनिक म्हणाला. “इतकी वर्षं कुठेतरी अडकून असणार. मध्ये एसीची सफाई केली का?” उन्हाळ्यात केली होती. “तेव्हा सुटली असेल. नक्की नाही सांगता येणार.”

माझं डोकं तापलं होतं. “टाका ती गटारात!”

त्याने टाकली नाही. “मी पूजाबिजा मानत नाही, ताई. पण म्हाताऱ्या माणसाने हाताने ठेवलेली वस्तू आहे, ती फेकणारा मी कोण?” फोमच्या तुकड्यात गुंडाळून त्याने ती डॅशबोर्डच्या आत घट्ट बांधली. मग ट्रेमधले सगळे स्क्रू जागच्या जागी गेले. एकही उरला नाही.

रविवारी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले. लिंक रोडला लागलो. ब्रेक दाबला, काही नाही. वळलो, काही नाही.

“आवाज गेलो काय गो?”

“गेला.”

बराच वेळ ते डॅशबोर्डवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, “आणि सुपारी?”

मी गाडी बाजूलाच घेतली. “तुम्हाला माहीत होतं?”

“पयल्याच दिसाक. चाळीस वर्सां मागाचो आवाज आयकलंय मी. सुपारी वळखूक येवची नाय?”

“अहो, मग बोलायचं ना! दोन शॉकअप बदलले मी!”

“ते मेकॅनिक मां? तेंका कळाक नको?” मग काचेबाहेर बघत म्हणाले, “तुका सांगून? तू ती भायर टाकतलंस. तू येकटी गाडी घेवन जातंस म्हणान ठेवलंय ती.”

मी टाकलीच असती, टाका म्हणालेही होते. माझ्यासाठी ठेवलेली ती सुपारी वाचवायला हा माणूस दोन रविवार हँगरवरच्या शर्टाकडे बघत घरी बसला होता.

“आहे,” मी म्हणाले. “आतच आहे. बांधून ठेवलीय.”

“बरां,” ते म्हणाले.

कांजूरमार्गला दोस्त बिल्डिंगखाली खुर्ची टाकून वाट बघत होता. सासरे माझ्या आधाराने उतरेपर्यंतही त्याला धीर नव्हता. “काय रे, कसलो आवाज होतो?”

सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“माका म्हायत नाय,” ते म्हणाले.