सासूबाईंच्या राबावर एक बादली

सासूबाईंचा राब मी हेलिकॉप्टरनं विझवला.

हे एकदाचं माझ्याच तोंडून सांगून टाकते, म्हणजे नातवंडांनी तिखटमीठ लावायला नको. चूक पायलटची नव्हती, वाऱ्याची नव्हती, वॉकीटॉकीची तर मुळीच नव्हती. माझी होती. आणि ती मी टँकरच्या टपावर उभं राहून, गॉगल लावून, मोठ्या रुबाबात केली.

हेलिकॉप्टर मी उडवत नसे. माझं काम ग्राउंड सपोर्टचं. वणवा विझवायला हेलिकॉप्टर येतं, तेव्हा एक जण वर असतो आणि दहा जण खाली पळत असतात. इंधनाची पिंपं सावलीत ठेवा, पंख्याच्या वाऱ्यानं धूळ उडू नये म्हणून मैदान भिजवा, पाणी कुठून उचलायचं ते ठरवा, कुठे टाकायचं ते रेडिओवर सांगा. नोकरीला लागले तेव्हा सासूबाईंना हे सगळं समजावलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे फिरतो दुसरा, आन् तू खालून हाका मारतेस?"

"हो, तसंच म्हणा."

"मंग गुराखीच की गं तू!"

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, कंपनीनं इंग्रजीत पानभर लिहिलेलं माझं काम या बाईनं एका शब्दात सांगितलं.

त्या दिवशी चौक गावाच्या वरच्या डोंगराला वणवा लागला होता; पायथ्यालाच माझं सासर. वाळलेलं गवत, उन्हाळा, वारा, बोलायलाच नको. आमचा बेस मोहोपाड्याच्या कॉलनीतलं क्रिकेटचं मैदान. पाणी मोरबे धरणातून. हेलिकॉप्टरखाली लांब दोरावर एक भगवी बादली लोंबत असते. बादली म्हणायचं, आत आमच्या गोठ्यातली म्हैस बसेल. ती धरणात बुचकळायची, डोंगरावर न्यायची, पायलटनं बटण दाबलं की तळ उघडतो आणि सगळं पाणी एकदम खाली. याला ड्रॉप म्हणतात.

नियम एकच. ड्रॉप कुठे करायचा ते डोंगरावर उभा असलेला फॉरेस्टचा गार्ड सांगणार, मी ते पायलटला सांगणार. मधल्या मध्ये शहाणपणा करायचा नाही.

पण मी नुकतीच बेस मॅनेजर झाले होते. गळ्यात दुर्बीण, अंगात चकाकणारं जाकीट, कमरेला दोन वॉकीटॉकी. एक पुरला असता. टँकरच्या टपावर चढले होते, कारण वरून चांगलं दिसतं. म्हणजे मी चांगली दिसत होते.

तेवढ्यात पायलट बोलला. कॅप्टन भाटिया, फौजेतून निवृत्त झालेला, थंड डोक्याचा माणूस.

"मॅडम, नीचे गाँव की तरफ नया धुआँ है. कन्फर्म?"

मी दुर्बीण लावली. धूर होताच. गार्डला विचारायचं सोडून मी ओरडले, "कन्फर्म! गावात घुसायच्या आत विझवा!"

"एक औरत है. हाथ हिला रही है."

"मदत मागतेय बिचारी. तिला लांब होऊ दे, मग टाका."

"मॅडम, वो पत्थर उठा रही है."

इथे कुठल्याही शहाण्या बाईला शंका आली असती. मी म्हणाले, "घाबरलीय हो! घाबरलेला माणूस काहीही उचलतो."

"ओके. अब दूर चली गई. ड्रॉप."

धूर गेला. टपावर उभ्या उभ्या मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबायच्या आत फोन वाजला. धाकटे दीर, बाळू.

"वयनी, आईचा राब इझवलात तुमी."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. भाताचं बी पेरायचं तो शेताचा तुकडा आमच्याकडे आधी भाजतात. शेण, झाडाच्या फांद्या, पाला, पेंढा असे थर रचायचे, वर माती भुरभुरायची आणि सावकाश जाळायचं. तण मरतं, रोप जोमानं येतं. हा राब. त्याच्यासाठी सासूबाई सगळा हिवाळा डोक्यावरून पाला वाहत होत्या. माझं माहेर पोशीर. रांगायला लागल्यापासून मी राबाच्या धुरात. डोळे मिटून, नुसत्या वासावरून ओळखला असता. पण दुर्बिणीतून वास येत नाही.

संध्याकाळपर्यंत डोंगर विझला. साहेबांचा फोन आला.

"वणवा आटोक्यात?"

"हो सर."

"बाकी काही?"

"एक शेत जास्तीचं विझलं."

"कुणाचं?"

"सासूबाईंचं."

साहेबांनी पलीकडे कागद चाळले. मग म्हणाले, "ते कंपनीच्या अखत्यारीत येत नाही. तुमचं तुम्ही बघा."

बघायला गेले. राब नुसता विझला नव्हता, वाहून गेला होता. पाला बांधाला लागलेला, शेणाची आमटी झालेली. आणि नवा पाला आणायचा कुठून? डोंगरावरचा होता तो वणव्यानं खाल्ला. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही. वर्षाचं भात त्या चिखलात पडलं होतं. सासूबाई बांधावर बसल्या होत्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाळू, तिला इचार, चा घेनार का."

मी हातभर अंतरावर होते. मी म्हणाले, "घेईन."

"बाळू, काय म्हनते ती?"

म्हणजे माझ्याशी बोलणं बंद. राब होईपर्यंत तरी नक्कीच.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याला गेले, तर वाडीवरची माणसं आणि फॉरेस्टवाले जाळरेषा काढत होते. म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून झाडलोट करून केलेला रुंद मोकळा पट्टा. कडेला न जळलेल्या पाल्याचे हे एवढाले ढीग. माझे डोळे चमकले.

"पाला नेऊ का?"

गार्ड म्हणाला, "न्या की. नायतर मलाच उचलाय लागंल. पन म्याडम, आज आधी इचारलंत!"

भाटिया मागेच उभा. "मॅडम, नेट में बाँधकर उड़ा दूँ? पाँच मिनट का काम."

आदल्या दिवशीची मी असते तर हो म्हटलं असतं. त्या पंख्याखाली पाला पनवेलला पोचला असता. टेंपो बोलावला.

मग आमची चकाकत्या जाकिटांतली अख्खी टीम राब रचायला बसली. सूचना सासूबाईंच्या, पण बाळूमार्फत. "बाळू, तिला सांग, शेन आधी." "बाळू, तिला सांग, हितं पातळ झालं." बाळूचा घसा बसला. भाटियानं कान धरून माफी मागितली, तर त्याला लगेच चहा आणि वर भाकरी.

"आई, याला बरी भाकरी!" मी म्हणाले. "पाणी यानं टाकलं ना?"

"बाळू, तिला सांग, बैल दुसऱ्याच्या शेतात घुसला तर बैलाला कोन बोलतं का? गुराख्याला बोलत्यात."

भाटियानं अर्थ विचारला. मी सांगितला नाही.

पेटवायच्या आधी मी रेडिओवर सगळ्यांना कळवलं, "गावाकडे धूर दिसेल. तो आमचाच आहे. कृपया कुणी मदत करू नये." राब वाऱ्याच्या उलट बाजूनं लावला. सावकाश, नीट, मातीपर्यंत भाजला. सासूबाई बघत राहिल्या, पण बोलल्या नाहीत. त्यांना रोप बघायचं होतं.

नंतर कितीतरी पोरांना मी हे काम शिकवलं. पहिला धडा हाच: धूर दिसला की आधी त्याचा मालक शोधा, मग पाणी.

त्या पावसाळ्यात लावणीला रजा टाकून गेले. रोप हिरवंगार, दाट. मी गुडघाभर चिखलात रोपांच्या मुठी बांधत होते. सासूबाई शेजारी येऊन वाकल्या. एक मूठ उचलली, मुळं झटकली, निरखली. बाळू पार पलीकडच्या बांधावर होता, त्यामुळे त्यांचा इलाजच नव्हता.

"रोप बरं आलंय गं. पुढल्या साली राबाला ये तू. पन चालत ये."