मराठीतून आलेला फोन

फोनवरून आमच्या घरात कुणी काही विकू शकत नाही, असा ह्यांचा लौकिक होता. हे म्हणजे माझा नवरा. सरकारी कारखान्यात मालाची तपासणी करण्यात ह्यांची सगळी नोकरी गेली. कुठलाही भाग हातात आला की आधी तो नापास कसा करता येईल ते बघायचं, ही सवय. निवृत्तीनंतर ती सवय घरावर उतरली. दुधाची पिशवी, कोथिंबिरीची जुडी, मी केलेली आमटी, कशाचीही सुटका नाही. कर्जवाले, क्रेडिट कार्डवाले, प्लॉटवाले, सगळ्यांना हे ‘बेडा’ एवढ्या एका कानडी शब्दात वाटेला लावायचे. बेडा म्हणजे नको. इतकी वर्षं बंगळूरात काढून ह्यांनी सगळ्यात मनापासून शिकलेला कानडी शब्द तोच.

तर अशा माणसाला एका सकाळी फोन आला. पलीकडून एक मुलगी म्हणाली, “नमस्कार काका, मराठीतून बोलले तर चालेल ना?”

बाहेरगावच्या माणसाला यात काय विशेष, असं वाटेल. आम्ही जे. पी. नगरमध्ये राहतो. आमचं मराठी दाराच्या आतलं. उंबरठा ओलांडला की भाजीवालीशी कानडी, वॉचमनशी हिंदी, बँकेत इंग्रजी. अनोळखी माणूस आपणहून फोन करतो आणि स्वच्छ मराठी बोलतो, हे इथे वर्षानुवर्षं होत नाही. एरवी फोनवर बोलताना हे हॉलभर येरझाऱ्या घालतात. त्या दिवशी खुर्ची ओढून बसले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. गाव कुठलं, तिकडे आता पाऊसपाणी कसं आहे, तिची आजी आमच्याच तालुक्यातली. मध्येच हे चक्क मोठ्यानं हसले. फोन ठेवल्यावर म्हणाले, “गोड पोरगी आहे गं. किती दिवसांनी कुणी ‘काका’ म्हणून बोललं.”

ती अंदमानची सहल विकत होती. खास मराठी ज्येष्ठांसाठी. विमान, हॉटेल, बरोबर मराठी बोलणारा माणूस, आणि रात्रीच्या जेवणात वरणभात. अंदमानला जायचं हे मी ह्यांच्या तोंडून लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. कधी मुलाची परीक्षा, कधी सासूबाईंचं आजारपण, ते राहूनच गेलं होतं. सवलत मात्र त्याच संध्याकाळपर्यंत होती. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख दोनदा वाचणाऱ्या माणसानं संध्याकाळचीच अट का, हे विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी खिडकीजवळची जागा मागा म्हणाले.

ह्यांनी फोनवरूनच पैसे भरले. खातं कंपनीच्या नावाचं नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. “अकाउंट्सच्या सरांचं आहे काका,” असं ती म्हणाली आणि ह्यांना ते पटलं. दोन दिवसांनी विमानाच्या तिकिटांसाठी डिपॉझिट मागितलं, प्रवास झाला की परत मिळणारं. तेही दिलं. बोलता बोलता तिनं विचारलं, आणखी कुणी मराठी मंडळी असतील तर छान ग्रुप होईल. ह्यांनी उत्साहानं आमच्या मराठी मंडळातल्या तीन घरांचे नंबर दिले.

मग विम्याचे पैसे मागणारा मेसेज आला. आता माझ्या मनात पाल चुकचुकली. तिनं पाठवलेल्या रंगीत पत्रकात हॉटेलचं नाव होतं, पण खाली नंबर तिचाच. मी हॉटेलचा नंबर दुसरीकडून शोधला आणि सरळ तिथे फोन लावला. तिथल्या माणसानं हिंदीत शांतपणे सांगितलं की आमच्या नावाचं काहीच बुकिंग नाही, आणि असे फोन त्याला हल्ली बरेच येतात.

“त्याच्याकडे जुनी यादी असेल,” हे म्हणाले.

“मग त्या पोरीला विचारा.”

ह्यांनी फोन केला. वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा केला तर बंद. माझा तोल गेला. रोज दूध हुंगता, माझ्या आमटीत मीठ शोधता, आणि एका ‘काका’वर पैसे ओवाळून टाकलेत, असं बरंच काही बोलले.   मग बघते तर हे फोनमध्ये डोकं घालून त्या मुलीशी झालेलं सगळं बोलणं पुसायला निघालेले. मी फोन हिसकावून घेतला. पोलिसांना दाखवायला आमच्याकडे तेवढंच तर होतं.

त्यानंतर जे करायचं ते मी ओळीनं करून घेतलं. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधला नाही, कार्डाच्या मागे छापलेला लावला. मग सरकारच्या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, शाखेत जाऊन अर्ज दिला आणि तिथून पोलीस स्टेशन. तिथल्या पोलिसानं विचारलं, काय झालं. हे कानडीत म्हणाले, “आमच्या एका ओळखीच्या माणसाची फसवणूक झालीय.”

“इवरे, सर,” मी म्हटलं. हेच ते.

पोलीस हसला नाही, हे त्याचे उपकार. ह्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. “स्वल्प लवकर यायला हवं होतं,” एवढंच तो म्हणाला आणि लिहून घेऊ लागला.

पहिले पैसे गेले ते गेलेच. डिपॉझिटचे त्या खात्यातून पुढे हलले नव्हते, तिथेच अडवले गेले, आणि पुष्कळ खेपा घातल्यावर परत मिळाले. मधल्या काळात एकानं तितक्याच गोड मराठीत फोन करून, थोडी फी भरली तर सगळी रक्कम सोडवून देतो, असंही सांगितलं. ह्यांनी त्याला ‘बेडा’ म्हटलं आणि तो नंबरही पोलिसांना दिला. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही स्टेशनमधून घरी आलो तेव्हा पैशांपेक्षा त्या तीन नंबरांचा प्रश्न मोठा होता.

“फोन करा त्यांना,” मी म्हटलं.

“उद्या करतो.”

“उद्यापर्यंत कुणीतरी पैसे भरून मोकळं होईल. तुमचं नाव सांगूनच मागत असणार ती.”

“मंडळात काय तोंड दाखवू मी?” हे म्हणाले. ह्यांचा आवाज मी इतका बारीक झालेला कधी ऐकला नव्हता. मला राग होता, तरी वाईटही वाटलं. मी फोन पुढे धरला. स्पीकर चालू करून धरला, कारण माझा आता कशावर विश्वास उरला नव्हता.

पहिला फोन अक्कांना. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, भांड्यांचं दुकान आहे, मराठीत निम्मं कानडी. ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “अय्यो अण्णा! सकाळीच आलता की फोन. तुमचं नाव सांगितली ती. अण्णा जातायत म्हणजे सरी, बरोबरच असणार म्हणून उद्या भरणार होते मी.” ह्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “अक्का, माझं नाव कुणीही सांगितलं तरी आधी मला फोन करायचा.” दुसरं घर एचएसआर लेआउटमधल्या एका तरुण जोडप्याचं. ते अनोळखी नंबर उचलतच नाहीत. “थँक्स काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका,” म्हणाले.

तिसरे ह्यांचे मित्र. सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, मंडळातली सगळी माणसं पैसे कुठे गुंतवावेत ते त्यांना विचारतात. ह्यांनी त्यांनाही सगळं सांगितलं. 

“माझे तीन महिन्यांपूर्वीच गेले,” ते म्हणाले. “अंदमानचेच. तुमचा नंबर तिला मीच दिला होता.”

मी उठून उभी राहिले. हे मात्र शांतपणे म्हणाले, “मग नंतर सांगायचं होतंत हो.”

“कसं सांगणार? हिलासुद्धा सांगितलं नाही. तिला म्हटलं, डॉक्टर म्हणाले तुझ्या गुडघ्याला हा प्रवास झेपायचा नाही, म्हणून रद्द केलं.”

त्यांची बायको माझी मैत्रीण. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती एकटीच खुर्चीत बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, ह्यांना एवढी हौस होती फिरायची, माझ्या गुडघ्यानं पाणी फिरवलं. कुठे जाणार होतात, हे मी तिला विचारलंही नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि फोन स्वतःच्या जवळ घेतला.

“मी आज पोलीस स्टेशनला जाऊन आलो,” हे म्हणाले. “उद्या सकाळी तुमच्याबरोबर पुन्हा येतो, तुमचीही तक्रार देऊ. पण आज वहिनींना सांगा. नाही सांगितलंत तर ही सांगेल, आणि हिची सांगायची पद्धत तुम्हाला माहीत आहे.”

आम्ही जेवायला पानं घेत होतो तेव्हा तिचा फोन आला. किती गेले, कुणी नेले, परत मिळतील का, यातलं तिनं काही विचारलं नाही.

“अगं, म्हणजे माझ्या गुडघ्यामुळे नव्हतं?”

“नव्हतं गं,” मी म्हटलं.

 ती म्हणाली, “मी सारखी ह्यांची माफी मागत होते. आणि हे म्हणायचे, जाऊ दे, मी नाही मनात ठेवलं.”