बादलीतली गणेशवेल

शेजाऱ्याच्या कुंपणावर आज गणेशवेलीचं लाल फूल दिसलं आणि पाय तिथंच थांबले.

पंधरा वर्षांपूर्वी परदेशात, विंडसरच्या घरी माझ्या बायकोनं, सुमननं, गावाहून आणलेलं बी बादलीत लावलं होतं. गणपतीला तिला तेच फूल वाहायचं होतं. आजारानं तिचं जेवण तुटलेलं, डॉक्टरनं दोनच महिने सांगितलेले. "शेपू खावासा वाटतो," ती एकदा म्हणाली होती. मी फॅक्टरीतून आलो, बादलीत शेपूसारखी बारीक पानं दिसली, सगळी कापून, फोडणी देऊन तिच्यापुढं ठेवली.

"अहो, ही गणेशवेल! बाप्पाला आता फोडणी वाहू का?" ती हसली. मग रिकाम्या बादलीकडं बघत राहिली.

चुकलो म्हणायला जीभ वळली नाही. म्हणालो, "पुढच्या वर्षी लावू."

"लावू की," ती म्हणाली.